लोणारचा पाऊस आणि सरोवराचा ताळेबंद

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे उल्कापाताने झालेल्या विवराच्या काठावर वसलेलं गाव. जून २०२० मध्ये या विवरातलं हिरवं पाणी काही दिवसांत गुलाबी झालं आणि त्याचे फोटो देशभर फिरले. पुढच्या काही वर्षांत बातम्यांचा सूर पालटला. पाणी वाढतंय, काठावरची मंदिरं बुडताहेत, कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी चढलं, असं छापून येऊ लागलं. दोन्ही वेळा लोकांनी वेगवेगळी कारणं शोधली. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदात बसतात आणि तो ताळेबंद पावसाचा आहे. फक्त वर्षाचा एकूण पाऊस पाहून तो जुळत नाही. पाऊस कोणत्या महिन्यात आला, झड लागून आला की एका रात्रीत कोसळला, आणि चांगली किंवा वाईट वर्षं सलग किती आली, हे सगळं मांडावं लागतं.

जागा कशी आहे

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. तळाशी अंदाजे १.२ किलोमीटर व्यासाचं उथळ, खारं सरोवर. आजूबाजूला सगळा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. विवराच्या वयावर एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीने ५ लाख ७० हजार. इथल्या विषयाला त्याने फरक पडत नाही, कारण दोन्ही हिशेबांत सरोवराला क्षार साठवायला भरपूर काळ मिळालेला आहे.

फरक पडतो तो एका गोष्टीने. या सरोवरातून बाहेर जाणारा एकही ओढा नाही. आत येणारं पाणी तीन वाटांनी येतं : थेट आभाळातून, विवराच्या उतारांवरून वाहत, आणि झऱ्यांतून. झऱ्यांपैकी सगळ्यात मोठी ईशान्येकडची धार. काठावरून खाली उतरताना तिचा आवाज आधी येतो. भर उन्हाळ्यात, आजूबाजूच्या शिवारातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतानाही इथे पाणी पडत असतं आणि लोक त्याखाली अंघोळ करतात. बाहेर जाण्याची खरी वाट मात्र एकच, बाष्पीभवन. वाफेबरोबर पाणी जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी, त्याचा सामू (पीएच) साडेनऊ-दहाच्या आसपास. 'आइन-इ-अकबरी'त काच आणि साबणासाठी लागणाऱ्या पदार्थांच्या संदर्भात या जागेचा उल्लेख येतो तो याच क्षारांमुळे. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठाच्या चिखलावर पांढरट पापडी धरते. पूर्वी हा खार गोळा करून विकला जाई. म्हणजे पाऊस संपल्यावरच्या कोरड्या महिन्यांवरही इथे एक धंदा उभा होता.

बारा महिन्यांचा पाऊस

लोणारला वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा आहे आणि पूर्वेला नागपूरकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. लोणार या दोहोंच्या मधे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटावर बरेचसे रिते होऊन इथवर येतात. खरी मदार असते बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. असा पट्टा विदर्भ आणि मध्य प्रदेशावरून सरकला की लोणारला दोन-तीन दिवसांची झड लागते. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की इथे खंड पडतो. ऑगस्ट २०२३ हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो अशाच लांबलेल्या खंडामुळे.

वर्षाच्या पावसातला बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा. पण हे चार महिने सरोवराच्या दृष्टीने एकसारखे नाहीत, आणि सरासरीच्या तक्त्यात नेमका हाच फरक पुसला जातो.

रोहिणी आणि मृगाचा पाऊस शेतकऱ्यासाठी सोन्यासारखा असतो. त्यावर सोयाबीन, कपाशी आणि तुरीची पेरणी ठरते. सरोवराला मात्र त्यातून फार थोडं मिळतं. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस त्या भेगा पितात. उतारावरची कोरडी झाडी आणि पालापाचोळाही पाणी धरून ठेवतो. जूनमध्ये सरोवराच्या पृष्ठभागावर थेट पडतं तेवढंच जमेला धरायचं. त्यातूनही ढग नसलेल्या दिवशी मेच्या उन्हाची धग चालूच असते, त्यामुळे जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीने चालतात.

आर्द्रा आणि पुनर्वसूत माती भरते. पुष्य, आश्लेषा, मघा ही झडीची नक्षत्रं. बारीक, संथ, दिवसभर चालणारा पाऊस. अशा पावसाने ओढे फारसे फुगत नाहीत, पण पाणी खडकाच्या फटींत उतरतं. बेसॉल्टचा प्रत्येक थर सारखा नसतो. काही थर सच्छिद्र, काही भेगाळलेले, काही घट्ट. पाणी सच्छिद्र थरातून आडवं सरकत जातं आणि विवराने तो थर जिथे कापला आहे तिथे झरा होऊन बाहेर येतं. म्हणून जुलै-ऑगस्टची झड धारेत दिसते ती बऱ्याच उशिराने. उन्हाळ्यात धारेखाली उभा राहणारा माणूस मागच्या पावसाळ्याच्या, कदाचित त्याच्याही आधीच्या, पाण्याने न्हात असतो.

पूर्वा, उत्तरा आणि हस्ताचा पाऊस वेगळा. तोवर जमीन तुडुंब असते. परतीच्या पावसात दुपारभर उकडतं, संध्याकाळी ढग उभे राहतात आणि तास-दोन तासांत सगळं ओतून जातात. ते पाणी मुरायला जागाच नसते, ते सरळ उतरतं. त्यामुळे सप्टेंबरातला एक मुसळधार दिवस सरोवराला जूनमधल्या तेवढ्याच पावसापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टीची नोंद होते. तो आकडा धरून बघू. १.२ किलोमीटर व्यासाच्या सरोवराचं क्षेत्र सुमारे १.१३ चौरस किलोमीटर. विवराचं एकूण क्षेत्र अंदाजे २.६ चौरस किलोमीटर, म्हणजे उतारांचं क्षेत्र साधारण दीड चौरस किलोमीटर. धारेच्या घळीतून येणारं जास्तीचं पाणी तूर्त बाजूला ठेवू. ६५ मिलिमीटर पाऊस सरोवरावर थेट पडला तर पातळी ६५ मिलिमीटरने चढते. भरलेल्या जमिनीवरून निम्मं पाणी वाहून आलं असं धरलं, तर उतारांवरून आणखी सुमारे ४९ हजार घनमीटर येतं. त्याने आणखी ४३ मिलिमीटर. एका दिवसात जवळपास ११ सेंटिमीटर. हेच ६५ मिलिमीटर जूनमध्ये आठवडाभरात विखरून पडले तर उतारांचा वाटा शून्याजवळ जातो. तहसीलच्या तक्त्यात दोन्हींची नोंद मात्र सारखीच, ६५.

चित्रा आणि स्वाती झाल्या की पाऊस उघडतो. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' असं म्हणतात ते हरभऱ्याला मिळणाऱ्या ओलीसाठी. सरोवर तोवर वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतं. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा भरते ती बरोबर याच सुमाराला, म्हणून मंदिराभोवतीचं पाणी दर वर्षी नेमकं तेव्हाच नजरेत भरतं.

पुढचे आठ महिने खर्चाचे. हिवाळ्यात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो, गारपीटही होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातला रब्बी झोडपून काढला होता. उभ्या गव्हाचा सत्यानाश करणाऱ्या या पावसाने सरोवराच्या पातळीत जाणवण्यासारखी भर पडत नाही. एप्रिल-मेमधल्या वळवाचंही तेच.

जमा आणि खर्च

खालचा हिशेब माझा आहे आणि तो ढोबळ आहे. प्रत्येक गृहीतक मांडलं आहे, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याला आकडा बदलून पाहता येईल.

ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या पाण्यावरून दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर आणि पावसाळ्यात साडेतीन मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. मेमध्ये ते याहून बरंच जास्त असतं, डिसेंबरात कमी. वर्षाचा खर्च सुमारे १६०० मिलिमीटर होतो. थेट पावसाची जमा ७०० मिलिमीटर. म्हणजे ९०० मिलिमीटरची तूट, घनफळात सुमारे १० लाख घनमीटर. उतारांवर वर्षभरात साडेदहा लाख घनमीटर पाऊस पडतो. त्यातला तीस टक्के वाहून आला तर तीन लाखांच्या वर. उरलेले जवळपास सात लाख घनमीटर कुठून येतात? झऱ्यांतून आणि तळाखालच्या भूजलातून. येत नसते तर सरोवर केव्हाच आटून मिठागर झालं असतं.

मला या हिशेबातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. उतारांवरून धावत येणाऱ्या पाण्याच्या दुप्पट पाणी जमिनीखालून येतं. हे सरोवर मुख्यतः मागच्या वर्षांच्या पावसावर जगतं.

आता सरासरी सोडून बघू. वर्षात १००० मिलिमीटर पाऊस झाला तर थेट जमा ३०० मिलिमीटरने वाढते आणि उतारांवरून येणारी भर पातळीत आणखी सुमारे १२ सेंटिमीटर घालते. झरे न मोजताच पाणी पाऊण हाताहून जास्त चढतं, आणि झऱ्यांची वाढ पुढच्या वर्षी येते ती निराळी. ४५० मिलिमीटरच्या वर्षी जवळपास तेवढीच घट. एका वर्षाने काही बिघडत नाही. सलग तीन वर्षं एकाच बाजूची आली की एक मीटरच्या पुढे फरक पडतो. काही मीटर खोलीच्या उथळ सरोवरात एक मीटर म्हणजे फार झालं.

गुलाबी जून

२०१४ आणि २०१५ ही देशभर अपुऱ्या पावसाची वर्षं. २०१७ मध्ये विदर्भात पाऊस सरासरीहून बराच कमी होता. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बुलढाणा जिल्ह्यातले तालुकेही होते. २०१९ चा मान्सून देशाच्या सरासरीच्या ११० टक्के झाला. मग २०२० च्या जूनमध्ये पाणी इतकं खाली कसं, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

उत्तर झऱ्यांच्या उशिरात आहे. कोरड्या वर्षांत रिकामे झालेले खडकाचे थर आधी भरतात, मग झरे वाढतात. त्यात विहिरी आणि बोअरवेलचा उपसा थांबलेला नसतो. उशिरा आणि ओतून आलेला पाऊस थर भरायला कमी उपयोगी. म्हणून एक बरं वर्ष मागची घट भरून काढू शकलं नाही.

पातळी उतरली की क्षारांचं प्रमाण चढतं. सरासरी खोली चार मीटर धरली आणि एक मीटर पाणी उडालं, तर तेच क्षार तीन चतुर्थांश पाण्यात राहतात, म्हणजे खारेपणा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. एरवी पाण्याला हिरवा रंग देणारी सूक्ष्म शेवाळं अशा पाण्यात मागे पडतात आणि अतिखाऱ्या पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव पुढे येतात. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर सरोवराचा विषय होताच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून रंगाचं कारण हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. पाऊस सुरू झाला, गोडं पाणी मिसळलं, सूक्ष्मजीव तळाला बसले आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं. नांदूर मधमेश्वरनंतरचं राज्यातलं हे दुसरं स्थळ.

चढतं पाणी आणि जुनी मंदिरं

२०२० चा मान्सून देशात १०९ टक्के, २०२१ चा जवळपास सरासरीइतका, २०२२ चा १०६ टक्के. २०२३ कमी, २०२४ पुन्हा १०८ टक्के. देशाची सरासरी एका तालुक्याला जशीच्या तशी लागू होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. २०१४ ते २०१८ हा काळ खर्चाचा होता, त्यानंतरचा जमेचा. त्याशिवाय काठाबाहेरच्या पठारावर जलसंधारणाची कामं झाली आहेत. तिथे अडवलेलं पाणी मुरून विवराच्या दिशेने सरकत असेल तर धारेत भर पडणारच. पठारावरच्या शेतकऱ्याला तो बांध हवाच आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कमळजा देवीच्या मंदिराजवळ काठाला सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. झऱ्याचं पाणी आणि सरोवराचं पाणी जिथे भेटतं तिथे ती आहे, म्हणून हे होतं. पाणी खाली असलं की विहीर उघडी पडते, चढलं की सरोवरात बुडते. गावातल्या जुन्या माणसांसाठी पातळीची खूण तीच.

मंदिरं बुडताहेत म्हणून जी हळहळ होते ती मला समजते. पण ही मंदिरं इतक्या खाली बांधली गेली तरी कशी? जर्मनीतल्या पोट्सडॅमची संशोधन संस्था आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून तपासला. त्यात अकरा हजारांहून जास्त वर्षांचा पाऊस नोंदला गेला आहे. गाळाच्या काही पट्ट्यांत गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट पाणी अतिशय खारं झाल्यावरच घडतं, त्यामुळे ते स्फटिक दुष्काळाचा पक्का पुरावा ठरतात. त्यावरून दोन दीर्घ कोरडे काळ दिसले : एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

काठावरची हेमाडपंती मंदिरं यादवकाळाच्या सुमाराची, बाराव्या-तेराव्या शतकातली मानली जातात. म्हणजे ती दुसऱ्या कोरड्या काळाच्या शेवटच्या टप्प्यात येतात. माझा निष्कर्ष असा की बांधणाऱ्यांनी पाहिलेला काठ आजच्या काठापेक्षा खाली असला पाहिजे. त्यांनी पाण्यापासून जागा सोडूनच बांधलं, फक्त त्यांच्या पिढ्यांच्या आठवणीतलं पाणी कमी होतं. हे मान्य केलं तर आजची चढती पातळी अनैसर्गिक म्हणून तिच्याशी झगडण्याआधी थोडं थांबावं लागेल.

काय करावं

पाणी उपसून बाहेर टाका, हा उपाय सहज सुचतो आणि तोच सर्वांत घातक आहे. सरोवरातून उपसलेल्या प्रत्येक लिटरबरोबर क्षार बाहेर जातील. ते साठायला हजारो वर्षं लागली आहेत आणि पाऊस ते परत आणून देणार नाही. उपशाने पातळी उतरेल, पण जागा भरायला पुन्हा गोडंच पाणी येईल. काही वर्षांत लोणार एक साधं तळं होईल. ज्या खाऱ्या पाण्यामुळे ते रामसर यादीत आलं, ज्यात जगात फार थोड्या ठिकाणी राहणारे सूक्ष्मजीव राहतात, ते पाणीच उरणार नाही.

मंदिरं वाचवायची असतील तर गोडं पाणी सरोवराला मिळण्याआधी, धारेपाशीच अडवावं आणि त्यातला काही भाग काठावर उचलून गावाच्या किंवा शेतीच्या उपयोगाला आणावा. अशाने क्षार जागेवर राहतात आणि पातळी बाष्पीभवनाने आपोआप उतरते. पण हे काम कायमचं नळकांडं टाकून करण्यासारखं नाही. २०१४ ते २०१८ सारखी वर्षं पुन्हा आली आणि धार वळवलेलीच राहिली, तर खारेपणा २०२० च्याही पुढे जाईल. म्हणून वळवणं पातळीला बांधलेलं हवं. ठरावीक खुणेच्या वर पाणी गेलं की सुरू, खाली आलं की बंद.

त्यासाठी आधी मोजमाप हवं, आणि ते महागडं नाही. सरोवरात एक पक्की मोजपट्टी, जिची नोंद रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाबरोबर होईल. धारेच्या तोंडाशी त्रिकोणी खाचेची फळी, म्हणजे झऱ्याचा प्रवाह कळेल. महिन्याला एकदा पाण्याचा खारेपणा आणि सामू. पठारावरच्या चार-पाच विहिरींची पातळी. मंडळाच्या पावसाचे आकडे आहेतच, फक्त ते महिन्याऐवजी दिवसवार ठेवावेत आणि झड किती, ओतलेला पाऊस किती, हे वेगळं काढावं. शेजारच्या महाविद्यालयाचे भूगोल आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थीही हे करू शकतील, वनखात्याची परवानगी घेऊन.

उताराचा प्रश्नही यातच येतो. उतारावरची झाडी तोडून पायवाटा आणि बांधकामं वाढली तर तीस टक्क्यांचं प्रमाण चाळीस-पन्नासवर जाईल, सप्टेंबरच्या एका रात्रीत येणारं पाणी वाढेल आणि त्याबरोबर गाळही. गावातलं सांडपाणी धारेच्या घळीतून खाली उतरतं तेही याच हिशेबात धरायला हवं. पावसाळ्यात ते पाण्यात मिसळून दिसेनासं होतं, उन्हाळ्यात मात्र त्याचा वाटा ठळक होतो. मोजणीची सुरुवात मे महिन्यात करावी. तेव्हा धारेत जे वाहतं त्यात नुकत्याच पडलेल्या पावसाची सरमिसळ नसते, आणि खडकातून रोज किती पाणी येतं याचा आकडा हाती लागतो. पुढची सगळी गणितं त्याच आकड्यावर उभी राहतील.